स्थळे : प्रेक्षणीय आणि वाचनीय

१

'प्रेक्षणीय स्थळ' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्यात एक निवाडा दडलेला आहे हे ध्यानात येत नाही. स्थळ प्रेक्षणीय ठरते ते कोणाच्या दृष्टीने, आणि केव्हापासून? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. कोणती कृती अभिजात मानावयाची, कोणती अभ्यासक्रमात घ्यावयाची आणि कोणती ग्रंथालयाच्या खालच्या फळीवर धूळ खात ठेवावयाची, हे ठरविणारी एक यंत्रणा असते. कोणते गाव मुद्दाम उतरून पाहावयाचे आणि कोणते गाडीच्या खिडकीतून मागे पडू द्यावयाचे, हे ठरविणारीही एक यंत्रणा असते. या दोहोंत काही नाते असावे, असा माझा जुना समज होता. ब्राझीलमध्ये सहा आठवडे हिंडल्यावर तो पक्का झाला. तेथे तर या दोन्ही यंत्रणा काही काळ एकाच वर्तुळातील माणसांच्या हाती होत्या. त्या प्रवासाविषयी आणि त्यातून उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयी येथे लिहावयाचे आहे.

ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून अधिक. एवढ्या देशात यादीशिवाय फिरता येत नाही. साव पावलो येथे अध्यापन करणाऱ्या एका स्नेह्याने मला अशी यादी आधीच पाठविली होती : इग्वासूचे धबधबे, रिओ दे जानेरो, ओरू प्रेतो, ब्राझिलिया, साल्वादोर, मनाउस. यादी उत्तम होती, आणि तीत मी काहीही गाळले नाही. परंतु माझ्याजवळ आणखी एक यादी होती. वीसएक वर्षांच्या वाचनातून, आधी इंग्रजी भाषांतरांच्या आणि नंतर अडखळत्या पोर्तुगीजच्या आधाराने, ती आपोआप तयार झाली होती : सेते केदास, कास्तेलोची टेकडी, इताबिरा गावावरचे कावे शिखर, कानुदोस, मनाउसचे तरंगते नगर. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांतील एक विषमता नजरेत भरली. पहिल्या यादीतील प्रत्येक स्थळ जागेवर उभे आहे, तर दुसऱ्या यादीतील जवळजवळ एकही स्थळ आज अस्तित्वात नाही. काही पाण्याखाली गेली, काही खणून नेली गेली, काही पाडली गेली.

स्थळ आधी ग्रंथात आणि मग डोळ्यांपुढे, हा क्रम मराठी वाचकाला नवा नाही. क्षेत्रमाहात्म्ये ऐकून यात्रेला निघणारा समाज आपला. पण या संदर्भात मला सारखी आठवत होती ती महानुभावांची 'स्थानपोथी'. चक्रधरांचा वास जेथे जेथे घडला ती स्थाने दिशेसह, खाणाखुणांसह नोंदविणारा हा ग्रंथ. त्यातील कित्येक वास्तूंचे रूप पुढे पालटले, कित्येक उरल्या नाहीत. तरी पोथीच्या आधारे अनुयायी त्या जागी नमस्कार करीत राहिले. वास्तू नाहीशी झाली तरी स्थान नाहीसे होत नाही, असा त्यामागचा विश्वास आहे. ब्राझीलमधील माझी दुसरी यादी ही एक प्रकारची स्थानपोथीच होती. फरक एवढाच की, तिच्यामागे कोणताही पंथ उभा नव्हता. होते ते केवळ वाचन.

२

प्रवास दक्षिणेकडून सुरू झाला. इग्वासूच्या धबधब्यांविषयी नव्याने सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. माणसाचे बोलणे तेथे खरोखरच थांबते, कारण शेजाऱ्यालाही ते ऐकू जात नाही. पण त्याच राज्यात, उत्तरेकडे पाराना नदीवर, पॅराग्वेच्या सीमेलगत आणखी एक धबधबा होता. त्याचे नाव सेते केदास, म्हणजे सात प्रपात. पाण्याच्या राशीचा विचार केला तर तो जगातील अतिप्रचंड धबधब्यांपैकी एक होता. इताइपू धरणाचा जलाशय भरू लागला आणि १९८२ च्या ऑक्टोबरात काही दिवसांतच तो बुडाला. त्याच वर्षी कवी कार्लोस द्रुमोंद द आंद्रादे यांनी या धबधब्याला निरोप देणारी कविता वृत्तपत्रात प्रसिद्ध केली. स्थळ अजून जिवंत असता त्याचा मृत्युलेख लिहिला जावा, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. शोकगीत हा साहित्यप्रकार स्वभावतः घडून गेलेल्या मृत्यूविषयी बोलतो. येथे तारीख ठरलेली होती, यंत्रे सज्ज होती आणि कवी पाणी चढण्यापूर्वीच बोलत होता. आज इग्वासू पाहणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना सेते केदास हे नावही ठाऊक नसते. एक धबधबा जागतिक वारसा झाला आणि दुसरा वीज झाला. या वाटणीचा उल्लेख पर्यटकाच्या माहितीपत्रकात येण्याचे कारण नाही. कवितेत मात्र तो आहे.

रिओमध्ये पहिल्या यादीतील स्थळे शोधावी लागत नाहीत. कोर्कोवादोच्या माथ्यावरचा १९३१ सालचा ख्रिस्ताचा पुतळा आणि उपसागराच्या मुखाशी उभा असलेला साखरसुळका ही दोन्ही शहरात कोठूनही दिसतात. मी शोधत होतो ती कास्तेलोची टेकडी. मशादो द असीस यांची 'इसाव आणि याकोब' ही १९०४ सालची कादंबरी या टेकडीच्या चढणीवर सुरू होते. दोन प्रतिष्ठित बहिणी जुळ्या मुलांचे भविष्य विचारण्यासाठी तेथील एका भविष्यवेत्तीकडे निघाल्या आहेत. रिओतील जन्म गेलेल्या अनेकांनी ही टेकडी कधी पाहिलेली नसते, अशा अर्थाचा निवेदकाचा मिस्कील सूर आरंभीच लागतो. १९०८ मध्ये मशादो वारले. त्यानंतर दीड दशकाच्या आतच, स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या प्रदर्शनासाठी आणि आधुनिक शहराला हवापाणी मिळावे म्हणून, १९२० पासून ही टेकडी जमीनदोस्त करण्यात आली. रिओ शहराची सोळाव्या शतकातील मूळ वस्ती तिच्यावरच होती. तिच्या मातीने उपसागराचा काठ भरून काढला. आज तेथे सरकारी कचेऱ्यांच्या इमारती आहेत. उरली आहे ती 'मिझेरिकोर्दिया' नावाची दगडी फरसबंदीची एक चढण. ती थोडी वर जाते आणि थांबते, कारण जेथे पोचावयाचे ती टेकडीच राहिलेली नाही.

या शहरातील आणखी एका टेकडीचा उल्लेख आवश्यक आहे. मशादो ज्या लिव्रामेंतो टेकडीवर १८३९ मध्ये जन्मले, तिच्या लगत प्रोव्हिदेन्सिया ही टेकडी आहे. १८९७ मध्ये कानुदोसच्या युद्धाहून परतलेले सैनिक, कबूल केलेली घरे मिळण्याची वाट पाहत, या टेकडीवर झोपड्या बांधून राहिले. कानुदोसजवळच्या एका टेकडीवर 'फावेला' नावाचे काटेरी झुडूप वाढे, त्यामुळे ती टेकडी फावेला म्हणून ओळखली जाई. तिच्यावरून सैनिकांच्या या वस्तीलाही फावेला म्हणू लागले, आणि पुढे तो शब्द ब्राझीलमधील सगळ्याच झोपडवस्त्यांचे सामान्यनाम झाला. रिओत येणारा प्रवासी हा शब्द पहिल्याच दिवशी शिकतो. परंतु त्या शब्दाच्या मुळाशी ईशान्येकडील पठारावरचे एक झुडूप आणि एक कत्तल आहे, याची जाणीव त्याला दुसरी यादीच करून देऊ शकते.

३

ओरू प्रेतो हे मीनास जेराइस प्रांतातील अठराव्या शतकातील सुवर्णनगर. उतरत्या कौलांची घरे, चढउताराच्या फरसबंद गल्ल्या, आणि आलेइजादिन्यो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ या शिल्पकाराचे काम. लिस्बोआ हा पोर्तुगीज स्थपती आणि गुलाम आफ्रिकी स्त्री यांचा मुलगा. साव फ्रान्सिस्कोच्या चर्चपुढे उभे राहिल्यावर एखाद्यास वाटेल की, या सौंदर्याला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. इतिहास वेगळे सांगतो. सोने संपल्यावर आणि १८९७ मध्ये प्रांताची राजधानी हलल्यावर हे गाव मागास आणि टाकाऊ समजले जात होते. १९२४ च्या ईस्टरच्या सप्ताहात साव पावलोच्या आधुनिकतावाद्यांची एक मंडळी येथे आली. तीत मारिओ द आंद्रादे, ओस्वाल्द द आंद्रादे, चित्रकर्ती तारसिला दो आमाराल आणि फ्रेंच भाषेत लिहिणारा कवी ब्लेझ सांद्रार होते. (मारिओ, ओस्वाल्द आणि द्रुमोंद हे तिघेही आंद्रादे, पण एकमेकांचे नातलग नव्हेत.) दोन वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये, यांपैकी काहींनी 'आधुनिक कलेचा सप्ताह' साजरा करून जुन्या अभिरुचीविरुद्ध बंड पुकारले होते. नवतेचे हे प्रवक्ते जुन्या गावात आले आणि त्यांना तेथे 'ब्राझील' सापडला.

पुढील घटना साहित्याच्या इतिहासाइतक्याच प्रशासनाच्या इतिहासात मोडतात. १९३३ मध्ये ओरू प्रेतो राष्ट्रीय स्मारक जाहीर झाले. १९३६ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या संरक्षणाचा पहिला आराखडा तयार केला तो मारिओ द आंद्रादे यांनी; म्हणजे 'माकुनाइमा' (१९२८) या कादंबरीच्या लेखकाने. १९३७ मध्ये वारसा संरक्षणाचे राष्ट्रीय खाते स्थापन झाले. पुढे १९८० मध्ये ओरू प्रेतो युनेस्कोच्या यादीत आले, आणि त्या यादीतील ते ब्राझीलचे पहिले स्थळ होय. माझ्या स्नेह्याने पाठविलेल्या यादीतील हे नाव अशा रीतीने एका कविमंडळाच्या प्रवासातून आलेले आहे. मारिओने १९२७ ते १९२९ या काळात अॅमेझॉनच्या आणि ईशान्येच्या प्रवासांत ठेवलेल्या दैनंदिनीला 'शिकाऊ पर्यटक' अशा अर्थाचे नाव दिले होते. ती ग्रंथरूपाने आली १९७६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी. या नावातील विनय खरा आहे. पण हा शिकाऊ पर्यटक पुढील सर्व पर्यटकांचा शिक्षक झाला, हेही तितकेच खरे.

याच खात्यात १९४५ पासून निवृत्तीपर्यंत द्रुमोंद यांनी नोकरी केली. देशभरातील जुनी चर्चे, वाडे, गल्ल्या यांची कागदपत्रे त्यांच्या टेबलावरून जात होती. त्याच वर्षांत त्यांच्या जन्मगावचा डोंगर खोदला जात होता. इताबिरा हे गाव लोखंडाच्या खनिजावर वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना हे खनिज हवे होते. १९४२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ब्राझील यांच्यात करार झाले, वाले दो रिओ दोसे ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि गावावर उभे असलेले कावे शिखर हळूहळू गाडीत भरून बंदराकडे रवाना झाले. आज त्या जागी खड्डा आहे. समीक्षक जोझे मिगेल विझ्निक यांनी २०१८ सालच्या आपल्या ग्रंथात द्रुमोंद यांची कविता या खाणीच्या सान्निध्यात वाचली आहे. 'विश्वयंत्र' या १९५१ मधील संग्रहातल्या कवितेचे तोवर बहुधा तात्त्विक अंगाने होणारे वाचन त्यांनी मीनासच्या मातीवर आणून ठेवले. इताबिरात मी एक दिवस काढला. कवीच्या ओळी कोरलेल्या पाट्या गावभर लावलेल्या आहेत, आणि त्या वाचत वाचत माणूस गाव पाहतो. पर्वताविषयीची ओळ पाटीवर वाचून वर पाहावे तर वर आकाश.

येथे वारशाच्या संकल्पनेतील अंतर्विरोध उघडा पडतो. एकच राज्यसंस्था, एकाच दशकाच्या आसपास, ओरू प्रेतोचे एकेक कौल जपते आणि इताबिराचा डोंगर विकते. त्यात तिला विसंगती जाणवत नाही. चर्च हा वारसा आहे आणि डोंगर ही संपत्ती. द्रुमोंद या दोन नोंदवह्यांच्या मध्ये बसलेले होते. खात्यातील नोकरीने त्यांना पहिली नोंदवही दिली, आणि दुसरी त्यांनी कवितेत लिहिली. या प्रदेशात हा विरोध पुढेही संपलेला नाही. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना शहरानजीक खाणीच्या गाळाचा बंधारा फुटला आणि बेन्तो रोद्रीगेस हे गाव चिखलाखाली गेले. मारियाना हे ओरू प्रेतोच्या शेजारचेच वारसानगर आहे.

४

ब्राझिलिया पाहताना तोच प्रश्न उलट दिशेने समोर येतो. २१ एप्रिल १९६० रोजी उद्घाटन झालेल्या या राजधानीचा आराखडा लुसियो कोस्ता यांचा आणि प्रमुख इमारती ऑस्कर नीमायर यांच्या. कोस्ता यांनी वारसा खात्यातही दीर्घकाळ काम केले. म्हणजे जुन्या नगरांचे रक्षण आणि नव्या नगराची निर्मिती एकाच हातून झाली. १९८७ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, हे शहर जागतिक वारसा ठरले. हे शहर ज्यांनी बांधले त्या मजुरांच्या झोपड्या मात्र आराखड्यात बसत नव्हत्या. १९७१ मध्ये त्यांतील हजारो कुटुंबांना दूर नेऊन वसविण्यात आले त्या वस्तीचे नाव सेइलांदिया. 'आक्रमणे निर्मूलन मोहीम' या सरकारी मोहिमेच्या पोर्तुगीज आद्याक्षरांवरून ते तयार झालेले आहे. आपल्याला हुसकावणाऱ्या मोहिमेचे नाव कायमचे पत्त्यावर लिहिणे त्या वस्तीच्या वाट्याला आले. संहितेचा परिघ वाचावा असा आग्रह धरणाऱ्या समीक्षेला यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

५

साल्वादोरमधील पेलोरिन्यो हा रंगीत दर्शनी भिंतींचा परिसर पहिल्या यादीत अग्रभागी असतो. तेथील एका चौकात वैद्यकीय विद्यालयाची जुनी भव्य इमारत आहे. १८९७ मध्ये एका माणसाचे मस्तक धडावेगळे करून शास्त्रीय तपासणीसाठी साल्वादोरला आणले गेले. वेडाची शारीरिक चिन्हे त्या कवटीत सापडावीत अशी अपेक्षा होती. पुढे १९०५ च्या आगीत ती या विद्यालयातच नष्ट झाली. हा माणूस म्हणजे अंतोनियो कोन्सेलेइरो, कानुदोसचा धर्मोपदेशक.

कानुदोस साल्वादोरपासून सुमारे चारशे किलोमीटर आत, सेर्ताव या रखरखीत प्रदेशात आहे. १८९३ मध्ये कोन्सेलेइरोने वाझा-बारीस नदीच्या काठी दरिद्री शेतकरी, मुक्त झालेले गुलाम, मूलनिवासी यांची वस्ती बसविली. नुकत्याच स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाला तीत राजेशाहीचे बंड दिसले. चार लष्करी मोहिमा झाल्या. ५ ऑक्टोबर १८९७ रोजी वस्ती संपली. मृतांचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात सांगितला जातो. चौथ्या मोहिमेबरोबर वृत्तपत्राचा वार्ताहर म्हणून गेलेला लष्करी अभियंता युक्लिदेस द कुन्या हा स्वतः प्रजासत्ताकाचा कट्टर पुरस्कर्ता होता. १९०२ मध्ये त्याचे 'ओस सेर्तोंइस' प्रसिद्ध झाले, ते या युद्धावरील आरोपपत्राच्या रूपाने. भूमी, माणूस आणि संघर्ष असे त्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग भूशास्त्र, हवामान आणि वनस्पती यांनी भरलेला असून घाईच्या वाचकाला तो अडसर वाटतो. तेथे गेल्यावर त्याचे प्रयोजन उमगते. ज्या भूमीने चार मोहिमांना जेरीस आणले, तिला ग्रंथात पात्राचा दर्जा देणे भाग होते.

परंतु ती भूमी आता पाण्याखाली आहे. कत्तलीनंतर अवशेषांवर पुन्हा एक कानुदोस उभे राहिले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोकोरोबो धरणाच्या जलाशयाने तेही बुडविले. सध्याचे कानुदोस हे तिसरे. फावेलाची टेकडी वर राहिलेली आहे. ती १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य उद्यानात येते. तेथे ते काटेरी झुडूप मी प्रथम पाहिले. पानाला हात लावू नये, असे सोबतच्या वाटाड्याने बजावले. टेकडीवरून जलाशयाचे निळे, निर्विकार पाणी दिसते. फार मोठा दुष्काळ पडला की पाणी ओसरते आणि दुसऱ्या कानुदोसच्या चर्चचे भग्न खांब वर येतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते असे उघडे पडले होते. दुष्काळ हाच तेथील पुराभिलेखपाल आहे.

या दृश्यापुढे मी परका राहू शकलो नाही, याचे कारण सांगितले पाहिजे. माझे आजोळ इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी होते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात ते गेले. त्याच जलाशयात पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर आहे. पाणी उतरले की त्याचे शिखर दिसू लागते आणि माणसे नावेतून दर्शनाला जातात. आई आजही त्या गावाविषयी वर्तमानकाळात बोलते. "चावडीवरनं खाली उतरलं की उजव्या हाताला आपली विहीर आहे," असे ती म्हणते. 'होती' असे नव्हे. तिच्या तोंडून मी त्या गावाची दोन पाने उतरवून घेतली आहेत : घरांची रांग, नदीची वाट, कोणते झाड कोणाच्या बांधावर. त्यांत कथानक नाही, व्यक्तिचित्र नाही. वाङ्मयप्रकारांच्या आपल्या कोष्टकात तो मजकूर कोठेच बसत नाही. बसलाच तर स्थानपोथीत बसेल.

विस्थापनाला मराठी साहित्यात वाचा मिळालीच नाही असे नाही. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. येथे प्रश्न साहित्याच्या अभावाचा नाही. त्याच्या अधिकाराचा आहे. युक्लिदेसच्या ग्रंथाने कानुदोसला विस्मरणातून वाचविले, हे निर्विवाद. पण त्याच ग्रंथात संकरित वंशाविषयीचे तत्कालीन युरोपीय वंशशास्त्राचे पूर्वग्रह ठासून भरलेले आहेत. १९८१ मध्ये मारिओ वार्गास योसा या पेरूच्या कादंबरीकाराने या युद्धावर मोठी कादंबरी लिहिली, तीही युक्लिदेसच्या खांद्यावर उभी राहून. कोन्सेलेइरोची स्वतःची हस्तलिखित प्रवचने मात्र १९७४ पर्यंत छापली गेली नव्हती. तोवर पाऊणशे वर्षे हा माणूस त्याच्या शत्रुपक्षातील वार्ताहराच्या भाषेतच जगाला माहीत होता. ती प्रवचने वाचली तर वेडसर बुवाऐवजी रूढ कॅथलिक धर्मज्ञान नीट आत्मसात केलेला, शिस्तीने लिहिणारा उपदेशक भेटतो. तात्पर्य, साहित्याची यादीदेखील निवडीतूनच बनते. ती पर्यटनाच्या यादीहून जात्याच निर्मळ असते, असे मानण्यात अर्थ नाही. तिचा गुण एवढाच की ती वादाला खुली असते, आणि तिच्यातील एका नोंदीविरुद्ध दुसरी नोंद उभी करता येते.

६

शेवटचा मुक्काम मनाउस. १८९६ च्या अखेरीस उघडलेले तेथील नाट्यगृह रबराच्या पैशातून उभे राहिले. रबराची बियाणी १८७६ मध्येच इंग्रजांनी बाहेर नेली होती. आशियातील मळे उत्पन्न देऊ लागले आणि १९१२ च्या सुमारास मनाउसचे वैभव ओसरले. शहराखाली नेग्रोचे काळे आणि सोलिमोंइसचे गढूळ पाणी काही किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहते, ते पाहावयास नावा जातात. याच काठाला लाकडी ओंडक्यांवर बांधलेल्या घरांचे एक तरंगते नगर होते. १९६७ मध्ये लष्करी राजवटीत ते मोडून काढण्यात आले. मिल्तोन हातूम यांच्या 'दोन भाऊ' (२०००) या कादंबरीत ते नगर आणि त्याचा विध्वंस येतो. नाट्यगृह पाहावयास तिकीट लागते. तरंगते नगर पाहावयास कादंबरी लागते.

येथवर आल्यावर मूळ प्रश्न मराठी समीक्षेच्या परिभाषेत मांडता येईल. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीपासून देशीयतेची आपल्याकडील चर्चा भूमी हा साहित्याचा आधार मानत आली आहे. साहित्य हे आपल्या मातीत रुजलेले असते, आणि परकीय रोपाचे कलम तेथे धरत नाही, असा या मांडणीचा एक सर्वपरिचित अर्थ घेतला जातो. १९२८ मध्ये ओस्वाल्द द आंद्रादे यांनी आपल्या जाहीरनाम्यात नेमकी उलट प्रतिमा वापरली : परकीयाला हाकलू नये, त्याला खाऊन पचवावे. तुपी लोकांच्या नरभक्षणविधीवरून घेतलेली ही प्रतिमा ब्राझिलियन समीक्षेत आजही कार्यरत आहे. रुजणे आणि पचविणे यांत कोणती प्रतिमा अधिक खरी, हा वाद रंजक आहे. आपला काजू हा तुपी भाषेतील 'आकाजू', पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला. आज त्यावाचून कोकणची कल्पना करवत नाही. उलट आपला फणस तिकडे गेला, मलयाळम 'चक्क'वरून 'जाका' झाला. रिओच्या तिजुका अरण्यात आज तो उपद्रवी परदेशी वृक्ष गणला जातो. आणि हे 'अरण्य'ही कॉफीच्या मळ्यांनी उजाड केलेल्या डोंगरांवर १८६१ नंतर गुलाम मजुरांकरवी लावून घेतलेले आहे. देशी आणि परके यांची सीमारेषा झाडांच्या बाबतीतही इतकी अस्थिर आहे.

परंतु रुजणे आणि पचविणे या दोन्ही प्रतिमांत एक गृहीतक समान आहे : पायाखालची भूमी जागेवर राहील. रोबेर्तो श्वार्त्झ यांनी १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात गुलामगिरीच्या देशात आलेल्या उदारमतवादाचे वर्णन स्थानभ्रष्ट कल्पना असे केले. इताबिरा, कानुदोस, सेते केदास आणि उजनी पाहिल्यावर वाटते की, आता कल्पनांच्या बरोबरीने स्थानांच्या भ्रष्टतेचाही विचार करावा लागेल. ज्या कवीच्या गावचा डोंगर जहाजातून परदेशी गेला, त्याची कविता कोणत्या मातीत रुजली आहे असे म्हणावयाचे? माझ्या आईच्या दोन पानांतील मराठीला, तिचा विषय पाण्याखाली असताना, देशी कशाच्या आधारे म्हणावयाचे? माझ्या मते, अशा वेळी भूमी साहित्याला आधार देत नाही, साहित्यच भूमीला आधार देते. देशीयतेच्या संकल्पनेला यामुळे बाध येतो असे नाही. तिच्यावर एक जबाबदारी मात्र येते. रुजलेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या समीक्षेने, मुळे धरण्याजोगी जमीन कोणाची राहिली आणि कोणाची गेली, याचा हिशेब ठेवला पाहिजे.

म्हणून ब्राझीलला जाऊ इच्छिणाऱ्यास माझे सांगणे असे की, पहिली यादी टाळू नये. ओरू प्रेतो आणि इग्वासू पाहावेतच. त्यांचे सौंदर्य खोटे नाही. मात्र प्रत्येक नावासमोर दुसऱ्या यादीतील एक नाव लिहावे आणि ती जोडी एकत्र वाचावी : इग्वासूसमोर सेते केदास, ओरू प्रेतोसमोर इताबिरा, ब्राझिलियासमोर सेइलांदिया, साल्वादोरसमोर कानुदोस. हाच पाठ घरीही उपयोगी पडावा. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळांची छापील यादी घ्यावी. त्या जिल्ह्याविषयीच्या कथा-कादंबऱ्या-कवितांतून, ओव्यांतून आणि घरातील वृद्धांच्या बोलण्यातून दुसरी यादी काढावी, आणि दोहोंतील अंतर कशामुळे पडले ते तपासावे. जलाशय, खाण, रस्ता, वसाहत अशी कारणे बहुधा पहिल्याच पानावर सापडतील. हे काम समाजशास्त्राचे आहे असा आक्षेप येईल. पण नावे, दिशा, क्रियापदांचे काळ आणि गाळलेल्या जागा यांचे वाचन हे समीक्षेचेच काम होय, आणि त्यासाठी लागणारी साधने आपल्या परंपरेत स्थानपोथीपासून उपलब्ध आहेत.